पँथरने ‘आपले’ कुणाला म्हटलं?

आमच्या सायखेड्याच्या बाजूला पँथर म्हटलं की पोरं उसाकडे बोट दाखवतात. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर असतो, रात्री पाणी भरायला जाणारा माणूस काठी आणि बॅटरी घेतल्याशिवाय निघत नाही. मराठीत तो बिबट्या, उर्दूत तेंदुआ. पण पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या झोपडपट्टीत ज्या संघटनेचा जन्म झाला तिचं नाव कुठल्याच भाषेत भाषांतरित झालं नाही. ते पँथरच राहिलं, कारण ते अमेरिकेतून आलं होतं.

आपल्याकडे दलित पँथरवर बरंच लिहिलं गेलं आहे. मराठी मुसलमान म्हणून मला त्या इतिहासातली एकच गोष्ट वारंवार टोचते, आणि ती नीट सांगायची तर अमेरिकेपासून सुरुवात करावी लागेल.

हा पँथर मुळात बंदुकीवरचा नव्हता, मतपत्रिकेवरचा होता. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्यात लाउंड्स नावाचा एक परगणा आहे. तिथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांची नावं जवळजवळ नव्हतीच. स्टोकली कारमायकेल आणि त्याच्या साथीदारांनी तिथे स्थानिक लोकांबरोबर पक्ष काढला. अनेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून पक्षाला चिन्ह लागे. आपल्याकडे बैलजोडी, झोपडी, हत्ती असायचे तसंच. तिथल्या गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा. त्याच्यासमोर यांनी काळा बिबट्या ठेवला. कोंबडा आणि बिबट्या समोरासमोर आले तर काय होईल हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन कॉलेजवाल्या तरुणांनी तोच बिबट्या उचलला. माल्कम एक्सची हत्या होऊन तेव्हा दीड-एक वर्ष झालं होतं, आणि हे दोघे स्वतःला त्याचे वारस समजत. त्यांनी दहा कलमांचा कार्यक्रम लिहिला: काम, घर, शिक्षण, पोलिसी मारहाण बंद करा, आणि आमचा न्याय आमच्यातल्या ज्युरीसमोर होऊ द्या. तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला कायद्याची मनाई नव्हती. न्यूटनने कायद्याचा अभ्यास केला होता. पोलिसांची गाडी वस्तीत शिरली की हे लोक मागे आपली गाडी लावत. एका हाताशी बंदूक, दुसऱ्या हाताशी कायद्याचं पुस्तक. पोलीस कुणाला अडवत असले की हे ठराविक अंतरावर उभे राहून त्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगत.

सरकारने काय करावं? मारहाण थांबवली नाही, कायदा बदलला. २ मे १९६७ रोजी पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधान भवनात शिरले, सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि त्याच वर्षी उघडी भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी आली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते.

काळं जाकीट, काळी टोपी, हातात बंदूक, हा फोटो जगभर गेला. मला मात्र त्यांची खरी करामत जानेवारी १९६९ मध्ये दिसते. ओकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलांना सकाळची मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली. उपाशी पोराच्या डोक्यात धडा शिरत नाही, हे शिक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. बघता बघता अनेक शहरांत न्याहारी सुरू झाली, मग मोफत दवाखाने, मग सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी. एफबीआयचा प्रमुख एडगर हूवर या संघटनेला देशाच्या अंतर्गत सुरक्षेला असलेला सर्वांत मोठा धोका म्हणत होता, आणि त्याच्या खात्याला बंदुकीइतकीच ही न्याहारी खुपत होती. बंदूकवाल्याला बदनाम करता येतं. पोराच्या ताटात अंडं वाढणाऱ्याला त्याच्या आईसमोर बदनाम करणं अवघड.

शिकागोत फ्रेड हॅम्प्टन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा होता. त्याने एक गोष्ट केली जी ओकलंडच्या बड्या नेत्यांनाही इतकी जमली नव्हती. त्याने प्वेर्तो रिकोहून आलेल्या तरुणांची टोळी आणि दक्षिणेतून पोटासाठी आलेल्या गरीब गोऱ्यांची संघटना, या दोघांना पँथरबरोबर एका आघाडीत आणलं. त्या गोऱ्यांच्या जाकिटावर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या जुन्या दक्षिणी सैन्याचा झेंडा असे! तरीही हॅम्प्टनने त्यांना विचारलं की तुमच्या घराचं भाडं कोण वाढवतं, तुमच्या पोराला कोण मारतं. उत्तरं सारखीच निघाली.

४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला. हॅम्प्टन बिछान्यातच मारला गेला, बरोबर मार्क क्लार्क नावाचा दुसरा पँथरही. घराचा नकाशा, पलंग कुठे आहे यासकट, एफबीआयला देणारा माणूस संघटनेचाच सुरक्षाप्रमुख होता. पुढे खटला चालला आणि १९८२ मध्ये सरकारी यंत्रणांनी मिळून १८ लाख ५० हजार डॉलर भरपाई मान्य केली. दुसरीकडे एफबीआयने खोटी पत्रं लिहून न्यूटन आणि अल्जीरियात पळालेला एल्ड्रिज क्लीव्हर यांच्यातला संशय पेटवत नेला. १९७१ मध्ये संघटना उभी फाटली. पुढचं लवकर सांगतो. सील १९७३ मध्ये ओकलंडच्या महापौरपदाला उभा राहिला, हरला. न्यूटन नशेत आणि गुंडगिरीत बुडाला. एलेन ब्राउन या बाईने काही वर्षं संघटना सावरली, पण आतल्या पुरुषांनी बाईमाणसांवर हात टाकणं न्यूटनने थांबवलं नाही आणि ती सोडून गेली. संघटनेची शाळा १९८२ मध्ये बंद झाली, तोच शेवट धरतात. १९८९ मध्ये न्यूटनला ओकलंडच्याच रस्त्यावर एका नशेच्या विक्रेत्याने गोळी घातली.

आता आपल्याकडे येऊ. १९७२ साल. महाराष्ट्रात दुष्काळ. नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट: २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गायकवाड गेले होते. आमच्या जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातला हा माणूस, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचा उजवा हात. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत त्यांनी तुरुंग भरले, आणि जमीन मागितली ती सगळ्याच भूमिहीनांसाठी, जात न विचारता. पण त्यांच्या हयातीतच रिपब्लिकन पक्षाचे तुकडे पडले होते, आणि नेते काँग्रेसशी युतीची बोलणी करण्यात गुंतले होते. गावागावांतून मात्र बातम्या येत होत्या. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध स्त्रियांची विटंबना. पक्षाकडे द्यायला फक्त निवेदनं होती.

मुंबईत तेव्हा दलित लेखकांची एक पिढी तयार झाली होती. त्यांचे वडीलधारे बाबूराव बागूल, तेही आमच्या नाशिकच्या विहितगावचे. या पिढीतले नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार यांनी मे १९७२ च्या अखेरीस, रस्त्याने चालता चालता, संघटनेचं नाव ठरवलं. अमेरिकेतल्या पँथरविषयी ते वाचून होते. राजा ढाले, अर्जुन डांगळे, भाई संगारे, अविनाश महातेकर असे बरेच जण आले. सुरुवातीच्या कार्यकर्त्यांत लतीफ खाटीक हेही एक नाव आहे. ते मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

ढसाळांचे वडील खाटकाच्या दुकानात काम करायचे. नामदेव स्वतः टॅक्सी चालवायचे. कामाठीपुरा, नागपाडा, गोलपिठा या वस्त्यांत दलित आणि मुसलमान भिंतीला भिंत लावून राहत होते, एकाच नळावर भांडत होते. ‘गोलपिठा’ हा त्यांचा पहिला संग्रह त्याच वर्षी आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, त्या कवितेची मराठी कळायला नुसती मराठी पुरत नाही. मुंबईच्या रस्त्यावरची उर्दूमिश्रित बोली कानावर असावी लागते.

१५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. ‘साधना’ने विशेषांक काढला. त्यात राजा ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. त्यांचा हिशेब साधा होता. राष्ट्रीय मानचिन्हाचा अपमान केला तर दंड ३०० रुपये, आणि दलित बाईच्या लुगड्याला हात घातला तर ५० रुपये. मग अशा मानचिन्हाचं आम्ही काय करायचं, असं त्यांनी विचारलं, आणि तेही अत्यंत कडक शब्दांत. महाराष्ट्र हादरला. दुर्गा भागवतांसारख्या विदुषीही चिडल्या. गंमत बघा, राग ढाल्यांच्या शब्दांवर आला. ५० रुपयांच्या दंडावर इतका कुणी चिडल्याचं दिसत नाही.

अमेरिकेच्या पँथरकडे बंदूक होती. आपल्याकडच्यांकडे शब्द होते आणि पाय होते. कुठे अत्याचाराची बातमी आली की एसटी पकडून पोरं गावात जाऊन उभी राहत. गावच्या पाटलाला पहिल्यांदा कळलं की मुंबईहून कुणी तरी विचारायला येतं. छावण्या निघाल्या, मुंबई-पुण्यापासून मराठवाड्या-विदर्भापर्यंत. १९७४ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या ढाकळीत गवई बंधूंचे डोळे काढले गेले, ते प्रकरण राज्यभर पोचवलं ते पँथरनेच.

१९७४ च्या जानेवारीत मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे रामराव आदिक उभे, पाठिंब्याला शिवसेना. समोर कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे. पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींजवळच्या मैदानात सभा झाली, दगड आले, लाठीमार झाला, आणि वरळी-नायगाव पेटलं. १० तारखेच्या मोर्चावर इमारतीवरून दगड टाकला गेला, त्यात भागवत जाधव हा कार्यकर्ता गेला. आदिक हरले. दंगल पुढेही धुमसत राहिली, चौकशीला न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमला गेला. त्या चाळी आठवा: एका मजल्यावर बौद्ध, शेजारच्या चाळीत मराठा गिरणी कामगार, काही चाळींत पोलिसांचीच कुटुंबं. एकाच गिरणीच्या भोंग्यावर उठणारी माणसं एकमेकांवर दगड टाकत होती. शिकागोत हॅम्प्टनने जी आघाडी बांधली तिची उलटी बाजू बघायची असेल तर ती वरळीत दिसते.

पँथर फुटली ती दगडाने नव्हे, एका पुस्तिकेने.

१९७३ मध्ये ढसाळांच्या पुढाकाराने जाहीरनामा निघाला. त्यात दलित कोण याची व्याख्या होती. अनुसूचित जाती-जमाती आणि बौद्ध तर होतेच. त्यांच्या जोडीला कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, आणि राजकारण, पैसा किंवा धर्म यांच्या नावाखाली पिळले जाणारे सगळे. म्हणजे या व्याख्येत लतीफ खाटीक पाहुणा नव्हता. तो घरचा होता. पिंजारी, बागवान, तांबोळी, कुरेशी, अन्सारी, वीटभट्टीवरचा शेख, सगळे त्या दारातून आत येऊ शकत होते, आणि आत यायला त्यांना ‘मुस्लिमांचे प्रतिनिधी’ म्हणून यायची गरज नव्हती.

ढाल्यांना या जाहीरनाम्यात मार्क्स दिसला. बुद्ध आणि बाबासाहेब दिसले नाहीत. १९७४ संपेपर्यंत ढसाळ बाहेर काढले गेले. आजचे वाचक बहुतेक ढसाळांची बाजू घेतात, मलाही व्याख्या त्यांचीच पटते. पण ढाल्यांची शंका पोकळ नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत लाल बावट्याच्या युनियनमध्ये दलित कामगार होता, तरी विणकाम खात्यात त्याला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याची थुंकी चालत नसे. पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्टांना रोखठोक विचारला होता. ‘आपण सगळे शोषित’ म्हणणाऱ्यांच्या गर्दीत सर्वांत खालचा माणूस पुन्हा खालीच राहतो, ही भीती ढाल्यांना होती. हॅम्प्टनची आघाडी टिकली असती तर तिथेही हाच प्रश्न कधी तरी आला असता.

दुर्दैव असं की हा वाद विचारांचा राहिलाच नाही. पत्रकं, प्रतिपत्रकं, कोण कुणाचा हस्तक. अमेरिकेत फूट पाडायला एफबीआयला खोटी पत्रं लिहावी लागली. आपल्याकडे आपली माणसंच खरी पत्रं लिहीत होती. मग आणीबाणी आली. ढसाळांनी इंदिरा गांधींवर ‘प्रियदर्शिनी’ ही कविता लिहिली. ७ मार्च १९७७ ला ढाले, पवार आणि सहकाऱ्यांनी संघटना बरखास्त केल्याचं जाहीर केलं. हे ज्यांना मान्य नव्हतं ते अरुण कांबळे, गंगाधर गाडे, रामदास आठवले अशा मंडळींनी भारतीय दलित पँथर काढली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची लढाई त्यांनी लढवली. ठराव १९७८ चा, आणि फलक लागला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत किती घरं जळली आणि कितींचे जीव गेले, ते मराठवाड्यातल्या वाचकांना मी काय सांगू.

ढसाळ पुढे शिवसेनेच्या जवळ गेले. आठवले आज केंद्रात राज्यमंत्री आहेत, भाजपच्या आघाडीत. यावर टोमणे मारणं सोपं आहे. मला त्यापेक्षा मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ महत्त्वाचं वाटतं. बार्शीच्या मातीतून आलेल्या, संयुक्त महाराष्ट्रासाठी गळा झिजवलेल्या शाहीर अमर शेखांची ही मुलगी, ढसाळांची पत्नी. चळवळीतला पुरुष घरात कसा असतो ते तिने लिहिलं. जाहीरनाम्यातल्या व्याख्येत ‘स्त्रिया’ हा शब्द होता, हे ते पुस्तक वाचताना सारखं आठवतं. एलेन ब्राउनलाही कदाचित असंच काही आठवलं असेल.

ऐंशीच्या दशकात मुंबईत हाजी मस्तान आणि जोगेंद्र कवाडे यांनी दलित-मुस्लिम महासंघ काढला. २०१९ मध्ये वंचित आणि एमआयएम एकत्र आले, औरंगाबादची जागा जिंकली, आणि विधानसभेआधीच वेगळे झाले. या दोन्ही वेळी दोन समाजांचे दोन पुढारी एका व्यासपीठावर बसले. १९७३ चा मसला निराळा होता. तिथे दोन समाजांनी हात मिळवायचे नव्हते, भुकेच्या एका व्याख्येत माणसं मोजायची होती. आपल्याकडे त्या धाग्याच्या जवळ जर कुणी गेलं असेल तर शब्बीर अन्सारींची मुस्लिम ओबीसी चळवळ. मुसलमानांतही जाती आहेत हे ती उघड बोलली, म्हणून आपल्याच लोकांच्या शिव्या तिने खाल्ल्या, आणि १९९४ मध्ये महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी जातींना सवलती मिळण्याचा रस्ता मोकळा केला.

तरी व्याख्येचा दरवाजा अर्धाच उघडला. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख जोडले गेले, १९९० मध्ये बौद्ध. मैला उचलणारा मुसलमान आणि ख्रिस्ती अजून बाहेर आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये सरकारने पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला.

आणि खाली, शाळेत, हा सगळा इतिहास एका रकान्यात मावतो. जनरल रजिस्टरला ‘धर्म’ आणि ‘जात’ असे शब्द आहेत. आपल्याकडच्या जुन्या नोंदींत दोन्हींसमोर ‘मुसलमान’ लिहिलेलं सापडतं. आजोबा कापूस पिंजत होते की मटण विकत होते, याचा कागदावर पत्ता नाही. नातवाला ओबीसीचा दाखला हवा असतो तेव्हा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि बाप जुन्या शाळेच्या, जुन्या तलाठ्याच्या दारात फिरत राहतो. जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू झाले की मी प्रत्येक पालकाला तेवढं विचारतो: जातीच्या जागी काय लिहू? बरेच जण क्षणभर थांबतात, आणि मग हळू आवाजात सांगतात, पिंजारी.